डावखुऱ्याची भिंत

मी त्याला 'दादा' म्हटलं, ही त्या दिवसातली माझी पहिली चूक.

खोपटच्या एसटी डेपोबाहेर सकाळी पावणेसातला एक छोटी पांढरी बस उभी होती आणि तिच्या दाराशी एक उंच मुलगा उपम्याची पाकिटं छातीशी धरून उभा होता. केस ओले, चष्म्यावर पावसाचे चार थेंब, आणि ते पुसायला एकही हात मोकळा नाही.

"दादा, लेणी-मंदिरवाली बस हीच ना?"

त्याने चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "बस हीच. पण दादा नका म्हणू प्लीज. अजून अख्खा दिवस जायचाय."

"मग काय म्हणू? काका?"

"सलिल चालेल. मी गाइड आहे." मग जरा थांबून... "आज काका ऐकायची पण तयारी होती, पण सलिल जास्त चालेल."

मी उगाच तोंड वाकडं केलं आणि बसमध्ये चढले. चढल्यावर हसले. सीट खरं तर प्रीतीची होती. प्रीती माझी ऑफिसातली मैत्रीण. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आम्ही एकाच लॅबमध्ये रंगांचे नमुने तपासतो. तिला आदल्या दिवशी ताप भरला आणि तिने मला फोन केला, "शिवानी, तू जा गं. दगडच तर बघायचेत." मला दगडांबद्दल काय काय माहीत आहे, ते प्रीतीला माहीत नव्हतं. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

बस चौकातून वळली आणि सलिलने माइक फिरवायला सुरुवात केली. नाव सांगा, आणि या विषयाची आवड कशी लागली ते सांगा. बसमध्ये बहुतेक निवृत्त जोडपी. एकाचे वडील संस्कृतचे प्राध्यापक, एकीच्या माहेरी पोथ्यांचं कपाट. प्रत्येकाकडे काहीतरी भारी होतं. मग माइक माझ्या हातात आला आणि सलिल, समोरच्या दांड्याला टेकून, खरोखर जाणून घ्यायचंय अशा डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला.

"मी शिवानी धोत्रे," मी म्हटलं. "माझे आजोबा... पुरातत्त्व खात्यात होते."

कसलं पुरातत्त्व खातं. माझे आजोबा गुणाजी पारसिकच्या डोंगरात खाणीवर दगड फोडायचे आणि माझ्या जन्माआधीच गेले. दगडाचं मला जे काही कळतं ते आजीमुळे. माझी आजी रंगूबाई डोंबिवलीच्या गल्ल्यांतून 'टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ' अशी हाक देत फिरायची. मिक्सर यायच्या आधी घरोघरी पाटा-वरवंटा असायचा, वाटून वाटून तो गुळगुळीत झाला की आजी दाराशी फतकल मारून बसायची आणि छिन्नी-हातोडीने त्याला पुन्हा खरखरीत करून द्यायची. मिक्सर आल्यावरही काही घरं होती. पाचवीत असताना अशाच एका घरी मी मैत्रिणीबरोबर अभ्यास करत बसलेले आणि दारात आजीची हाक आली. आजीने मला पाहिलं. मी पुस्तकात डोकं घातलं. तिने पाट्याला टाकी लावली, प्यायला पाणी मागितलं आणि निघून गेली. घरी आल्यावर एका शब्दाने बोलली नाही. ते मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"वा," सलिल म्हणाला. "म्हणजे रक्तातच आहे."

मी मान डोलावली. माइक मागे गेला आणि अगदी शेवटच्या सीटवरून एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

"नमस्कार. मी हरिहर. ही माझी पत्नी हेमा. चौतीस वर्षं पुरातत्त्व खात्यात काढली. आता नुसता फिरतो."

माझ्या हातातला उपमा गार झाला. चौतीस वर्षं. आता हा माणूस दिवसभर माझ्या पाठीमागे बसणार होता.

पहिलं ठिकाण ठाण्यातलंच, कौपिनेश्वराचं देऊळ. गाभाऱ्यात मी हरिहर सरांना चुकवून खांबाआड उभी राहिले. पण तिथेही ती भली मोठी पिंड समोर आली आणि मी चुकवायचं विसरले. आजवर तलावपाळीवर भेळ खायला दहादा आलेले, आत एकदाही नव्हते गेले. सलिल काहीच बोलत नव्हता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तेव्हा हळूच म्हणाला, "आधी बघून घ्या. मी काय, नंतर बोलेनच." घंटेचा आवाज विरेपर्यंत तो थांबला. असा न बोलणारा गाइड मी पहिल्यांदा बघत होते. किंवा कुठलाही गाइड पहिल्यांदा बघत होते म्हणा. पण हा आवडला, हे खरं.

लोनाडला पोचेपर्यंत ऊन पडलं होतं. परतीचा पाऊस येऊन गेलेला, गवत कमरेएवढं, पायवाटेवर चिखल. माझे बूट पांढरे. सलिलने एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"काही बोलायचं नाही," मी म्हटलं.

"मी कुठे काय बोललो? सुंदर बूट आहेत. होते."

टेकडीच्या अंगात कोरलेली ती बौद्ध लेणी. बाहेर खांब, आत अंधार, अंधारात देवीपुढे तेवणारा दिवा. बाहेरून आल्यावर अंगावर एकदम गारवा आला. हा खडक कुणीतरी आतून रिकामा केलाय, एकेक घाव घालून, दीड हजार वर्षांपूर्वी, हे मला आत पाऊल टाकल्यावर कळलं. ऐकलेलं पुष्कळ असतं. कळतं तेव्हा माणूस गप्प होतो. माझ्या शेजारची काकू कुजबुजत बोलत होती, ती पण थांबली.

सलिलने पिशवीतून एक आरसा काढला, साधा, दाढीचा. दाराशी जाऊन त्याने बाहेरचं ऊन आरशात पकडलं आणि आत फेकलं. उजेडाचा एक चौकोन भिंतीवरून सरकत गेला. खांब उजळला, कोरलेल्या माणसांच्या ओळीतले चेहरे एकेक करून उजळले, आणि पुन्हा अंधारात गेले.

"जरा धराल?" त्याने आरसा माझ्या हातात दिला. बोटांना बोटं लागली. "सगळ्यांना दाखवून येतो. असाच धरा... थोडा वर... हात थरथरतोय तुमचा."

"ऊन थरथरतंय."

"असेल. ऊन लाजाळू असतं."

मी मुद्दाम आरसा त्याच्या तोंडावर फिरवला. तो डोळे मिटून हसला. सगळे देवीकडे वळले तेव्हा उजेडाचा तो चौकोन माझ्या हातून निसटून मागच्या भिंतीवर गेला. तिथे कोरीव काम काही नव्हतं. नुसती ओबडधोबड भिंत, जिच्याकडे कुणी बघत नाही. उजेड तिरपा पडला आणि तिच्यावरचे सगळे घाव वर आले.

मी आरसा तसाच दाराशी दगडाला टेकवला आणि भिंतीपाशी गेले. हात लावला. बोटं घावांवरून कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथेच थांबवली.

"काय झालं?" सलिल मागे उभा होता.

"इकडे बघा. टाकी, म्हणजे छिन्नी, डाव्या हातात धरतात, हातोडा उजव्या. त्यामुळे घाव एकाच बाजूला तिरपा उतरतो. ही सगळी भिंत बघा, सगळे घाव तसेच. पण या कोपऱ्यात..." मी त्याचा हात धरला आणि त्याची बोटं दगडावरून फिरवली. "इथून इथपर्यंत. कळतंय? उलटे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे बसलेला माणूस डावखुरा होता. आणि तो बरोब्बर कोपऱ्यात आहे. डावखुऱ्याला कोपराच देतात. मधे बसवला तर शेजारच्याच्या हातोड्याला याचा हातोडा लागतो."

त्याची बोटं तशीच भिंतीवर होती, वरती माझी. दीड हजार वर्षांपूर्वी एक माणूस इथे, या कोपऱ्यात, सगळ्यांपेक्षा वेगळ्या हाताने काम करत होता. कुणीतरी त्याला ओळखून, जागा बघून बसवला होता. कदाचित चिडवलंही असेल. राजाचं नाव राहिलं नाही, भिक्षूंची राहिली नाहीत, आणि याचा डावा हात राहिला. मला रडू यायला लागलं, आणि का ते सांगता येत नव्हतं.

"मी इथे निदान साठ वेळा आलोय," सलिल हळू आवाजात म्हणाला. "या भिंतीकडे पाठ करून उभा राहतो मी. दर वेळी. तुला कसं दिसलं हे?"

तुला. मघापर्यंत 'तुम्ही' होते मी. त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

मी काही सांगायच्या आत हरिहर सर आले. चष्मा बदलला, खाली वाकले, सलिलला आरसा धरायला लावून तीन बाजूंनी उजेड टाकून पाहिला. बराच वेळ गेला. हेमाकाकू म्हणाल्या, "अहो, कंबर धरेल." त्यांना ऐकू गेलं नाही.

"बरोबर आहे," शेवटी ते उठत म्हणाले. "मुली, तुझे आजोबा कुठल्या कार्यालयात होते? नाव काय त्यांचं?"

"गुणाजी... गुणाजी धोत्रे."

"आठवत नाही. पण खातं मोठं होतं, सगळे कुठे आठवणार. त्यांनीच शिकवलं ना हे तुला? हे लिहिलं पाहिजे. आमच्या अभ्यासमंडळाचा अंक दिवाळीनंतर निघतो. सलिल, तू टिपण कर. वर स्पष्ट लिही, कैलासवासी गुणाजी धोत्रे यांच्या अभ्यासावरून."

सलिलने तिथेच वही काढली आणि लिहिलं. मी त्याचं ते वळणदार अक्षर उमटताना पाहत राहिले. बसमधलं खोटं आता छापून येणार होतं. आणि त्यात सगळे असणार होते. खाणीतले आजोबा ऑफिसर होऊन असणार होते. फक्त आजी नसणार होती. मी पुन्हा एकदा पुस्तकात डोकं घातलं होतं.

जेवणानंतर बस कल्याणच्या पुलावरून अंबरनाथकडे निघाली. सलिल येऊन माझ्या शेजारी बसला. गाइडची सीट पुढे असते, हे त्याला मी सांगितलं.

"पुढे झोप येते," तो म्हणाला. "इथे येत नाही. का ते माहीत नाही."

"गाइडला माहीत नाही?"

"गाइडला जे माहीत नाही, ते गाइड माहीत नाही म्हणतो. मी तेवढा एकच नियम पाळतो. लोक काहीही सांगतात रे बाबा, एका रात्रीत पांडवांनी बांधलं वगैरे. मला नाही जमत थापा मारायला." खिडकीबाहेर बघत त्याने सहज म्हटलं; मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. "आठवडाभर बँकेत असतो. रविवारची वाट बघतो. आणि आज तर... कसं सांगू? एवढा भारी रविवार झाला नव्हता कधी. आजोबांबद्दल सांग ना अजून."

सांगितलं तर तो उठून पुढच्या सीटवर जाणार. नाही सांगितलं तर इथेच बसेल, कदाचित पुढच्या रविवारीही. पाऊण तासाचा रस्ता होता आणि मी पाऊण तास खिडकीबाहेर बघत होते. "झोप आली?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं खोटं.

अंबरनाथला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलेलं. वालधुनीच्या काठाशी ते काळंभोर देऊळ. जवळ गेल्याशिवाय कळत नाही, की ज्याला आपण भिंत समजतो तिच्यात बोटभरही जागा रिकामी नाही. नर्तकी, हत्ती, देव, वेली, माणसावर माणूस, वर नजर जाईल तिथवर. सलिलने सांगितलं, शके नऊशे ब्याऐंशी, आणि पुन्हा गप्प झाला. आमच्यातले एक आजोबा चप्पल काढायचं विसरून नुसतेच हात जोडून उभे राहिले.

गाभारा खाली आहे. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जायचं. मी उतरले. खाली ओल, बेलाचा वास, आणि मान वर केली तर डोक्यावर छप्पर नाही, एकदम आभाळ. काळ्या दगडाच्या एवढ्या उंच चिमणीतून उजेड खाली पिंडीवर येत होता. तिथे उभं राहून मला वाटलं, इथे खोटं बोलायला मोठी छाती पाहिजे. माझी तेवढी नव्हती.

सलिल शेवटचा उतरला. बाकीचे दर्शन घेऊन वर गेले होते.

"मला काहीतरी सांगायचंय," मी म्हटलं. "आणि मधे बोलायचं नाही."

त्याने मान हलवली.

मी सगळं सांगितलं. खाण, पाटा, टाकीची हाक. पाचवीतलं ते दार पण सांगितलं. "हातोडा कसा धरतात, डावखुऱ्याला कुठे बसवतात, हे तिने मला शिकवलं. आजोबांनी नाही. आजोबा कुठल्या खात्यात नव्हते. तू विचारलंस आणि मला तिची लाज वाटली, म्हणून मी तसं बोलले. वहीतलं ते खोडून टाक."

तो पायरीवर बसला. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला.

"आमच्याकडे पाटा आहे," तो म्हणाला. "नौपाड्याच्या घरी. गॅलरीत आडवा टाकलाय, वर मनीप्लँटची कुंडी. त्यालाही कुणीतरी टाकी लावली असणार ना. माझी आई दारात उभी राहून 'नीट लाव गं' म्हणाली असेल. कोण होती ती, हे मी कधी विचारलंच नाही... देवळं कुणी बांधली ते विचारत फिरतो."

"रागावलायस?"

"हो," तो म्हणाला. "थोडा आहे राग. तू मला सकाळीच खरं सांगितलं असतंस तरी मी इथेच बसलो असतो, तुझ्या शेजारी. तुला तसं वाटलं नाही, त्याचा राग आहे."

मी पायऱ्या चढून वर गेले. हरिहर सर मंडपात खांबाला टेकून पाणी पीत होते. बाकीचे आजूबाजूला होतेच. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"सर, माझे आजोबा खात्यात नव्हते. मी खोटं सांगितलं. ते खाणीवर मजूर होते. आणि लेण्यातलं जे तुम्हाला दाखवलं ते माझ्या आजीचं ज्ञान आहे. ती डोंबिवलीत दारोदार पाट्यांना टाकी लावायची. नाव लावायचं तर तिचं लावा, नाहीतर लावू नका."

पोथ्यांच्या कपाटवाल्या काकूंनी भुवया वर केल्या. हरिहर सरांनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले, "मी दगडांवर अहवाल लिहिले, बाळ. हातोडा एकदाही हातात धरला नाही. मला वाटलंच होतं, हे आमच्या खात्यातल्या माणसाचं काम नाही." मग खिशातलं पेन काढून सलिलपुढे धरलं. "खोड ते. आजीचं पूर्ण नाव सांग."

"रंगूबाई गुणाजी धोत्रे."

सलिलने लिहिलं. लिहून झाल्यावर वही माझ्यापुढे धरली, वाचून बघ म्हणून. राग होता की गेला, त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"कैलासवासी लिहू नकोस," मी म्हटलं. "जिवंत आहे. हल्ली आम्ही कळव्याला राहतो, आत्ता घरी टीव्ही बघत असेल."

"मग दाखव ना तिला," तो म्हणाला. "तिने बघितलंय हे देऊळ?"

नव्हतं बघितलं. आयुष्यभर दगड घडवला, आणि डोंबिवलीहून पाच-सहा स्टेशनांवरचं हे देऊळ तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी व्हिडिओ कॉल लावला. आधी नुसतं तिचं कपाळ आलं, मग कान, मग सगळी आजी.

"कुठं हायेस गं?"

मी काही न बोलता फोन भिंतीकडे वळवला. आजी बोलायची थांबली. मी हळूहळू फोन वर नेला, हत्तींच्या ओळीवरून, नर्तकींवरून.

"सावकाश," आजी म्हणाली. "पुन्यांदा खाली घे... तिथं. थांब तिथंच."

आम्ही सगळे थांबलो. हरिहर सर कान देऊन उभे होते.

"घाई न्हवती या मान्सांला," आजी म्हणाली. आवाज ओला झालेला. "एक घाव जास्तीचा न्हाई. आन् एक बी चोरल्याला न्हाई. कुनी केलं गं हे?"

"माहीत नाही, आजी. नावं नाही ठेवली कुणी त्यांची."

"असं व्हय." मी फोन पुन्हा माझ्याकडे वळवला. "आन् ह्यो तुझ्यामागं उभा हाय, ह्यो कोन?"

सलिलने तोंड उघडलं. तो गाइड म्हणणार होता, मला दिसत होतं.

"हा सलिल," मी आधी बोलले. "मला आवडलाय, आजी."

हेमाकाकूंनी हरिहर सरांचा दंड पकडून त्यांना बाहेर नेलं. बाकीची मंडळी एकदम नंदी बघायला गेली. सलिलचे कान लाल झाले होते आणि तो माझ्याकडे बघत होता, ज्या डोळ्यांनी लेण्यातल्या कोपऱ्याकडे बघत होता त्याच डोळ्यांनी.

"हात दावाया सांग त्याला," आजी फोनमधून म्हणाली.

त्याने दोन्ही तळवे फोनसमोर धरले. आजीने डोळे बारीक करून, फोन अगदी नाकाशी नेऊन पाहिले.

"मऊ हायेत."

"शिकवलंत तर होतील घट्ट," सलिल म्हणाला. "रविवार सोडून कधीही येईन."

"शनिवारी ये. पोहे खातोस का?"

"खातो."

"मग ये," ती म्हणाली आणि नेहमीप्रमाणे भलतंच बटण दाबून कॉल कट केला.

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सलिलचे हात अजून तसेच पुढे धरलेले होते, काय करावं ते न सुचून. मी फोन पर्समध्ये टाकला आणि त्यातला एक माझ्या हातात घेतला.

"राग?" मी विचारलं.

"शनिवारपर्यंत जाईल बहुतेक."

आजीचं खरं होतं, हात मऊच होता. बसच्या दारापर्यंत मी तो सोडला नाही.